फौजी ड्रायव्हर आणि बारा महिन्यांचा हप्ता

गेल्या मे महिन्यात आमच्या पडवीत दुपारच्या वेळी तीन मुले बसली होती. दोघे गावातलेच, तिसरा फौजेतून रजेवर आलेला. आमच्या वाडीच्या नात्याने तो माझ्या काकांचा पुतण्याच. लष्करात ट्रक चालवतो, आणखी दीड-दोन वर्षांत पेन्शनवर येणार आहे. आंबे खाऊन झाले, हात धुऊन झाले, तेव्हा त्याने हळूच विषय काढला.

"काका, पेन्शन इकून डंपर घेतलंय तर?"

काकांनी पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली आणि उत्तराऐवजी उलट प्रश्न केला, "पावसात काय करतलस?"

मुलगा हसला. त्याला वाटले, काका थट्टा करताहेत. पण ती थट्टा नव्हती. या एका प्रश्नाची किंमत आमच्या घराने चांगली पंधरा वर्षे मोजलेली आहे. म्हणून काकांच्या परवानगीने ही हकीकत इथे सांगतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादा मुलगा, जावई किंवा दीर फौजेत गाडी चालवत असेल, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमच्या सिंधुदुर्गात घरातला एक माणूस मुंबईला, एक बोटीवर आणि एक फौजेत, अशी वाटणी जुनी आहे. आंबोली, चौकुळ, गेळे ही घाटमाथ्याची गावे तर सैनिकांची गावे म्हणूनच ओळखली जातात. मालवणच्या किनाऱ्याला दर्यावर्दी अधिक, पण कट्टा-चौक्याच्या बाजूला आत सरकलात की कुठल्या ना कुठल्या माळ्यावर नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक सापडतेच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे आंबोलीचा घाट चढला की जवळच. त्यामुळे फौजी म्हटले की बंदूकवाला मराठा जवान, असे आपल्या डोळ्यांसमोर येते. पण बंदुकीमागे पीठ, तांदूळ, रॉकेल, पेट्रोल पोचवावे लागते आणि ते पोचवणारी आर्मी सर्व्हिस कोअर ही फौजेची एक मोठी शाखा आहे. तिला ए.एस.सी. म्हणतात. माझे धाकटे काका १९७४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी या ए.एस.सी.त ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९९१ मध्ये नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. वय वर्षे ३६. या वयात आपल्याकडे माणूस नुकता कुठे घरचा कारभार हातात घेत असतो. फौजेतला माणूस त्याच वयात निवृत्त होतो आणि दारात येऊन उभा राहतो. मुले शाळेत, आईबाप थकलेले आणि पुढची पंचवीस वर्षे कमाईची मोकळी.

काकांच्या हाताला एकच विद्या होती, गाडीची. ती मात्र पक्की होती. त्या काळी फौजेत शक्तिमान ट्रक होता. जबलपूरच्या कारखान्यात जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर तो बनत असे. तो घेऊन काका श्रीनगरहून लेहला गेलेले. वाटेत झोजीला खिंड लागते, साडेअकरा हजार फुटांवर. बर्फ पडून ती बंद होण्याआधी वरच्या ठाण्यांना सगळ्या हिवाळ्याचा शिधा पोचवायचा असतो. रस्ता असा अरुंद की एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत. काका सांगतात, तिथे ड्रायव्हरला शूरपणा दाखवायला बंदी. पुढच्या गाडीपासून अंतर ठरलेले, वेग ठरलेला, थांबायची जागा ठरलेली. निघण्यापूर्वी गाडीची तपासणी, तिला 'फर्स्ट परेड' म्हणत. वाटेत थांबले की पुन्हा तपासणी, ती 'हॉल्ट परेड'. मुक्कामी पोचले की 'लास्ट परेड'. तेल, पाणी, टायर, पाटे, नटबोल्ट, सगळे पाहून गाडीच्या डायरीत लिहायचे आणि मगच जेवायचे.

आजही काका आमच्या रिक्षावाल्याच्या टायरवर काठी मारून बघतात. तो बिचारा काही बोलत नाही.

तर असा हा माणूस घरी आला. पेन्शनचा काही भाग एकरकमी विकता येतो, हे फौजी घरांना ठाऊकच असते. काकांनी जेवढा विकता येत होता तेवढा विकला, ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम त्यात घातली, उरलेले पैसे फायनान्सवाल्याकडून घेतले आणि जुना टाटा १२१० घेतला. गावात पेढे वाटले. देवळासमोर नारळ फुटला. हौद्याच्या मागे नाव कोणाचे घालायचे यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आजीचे घातले.

नोव्हेंबर ते मे गाडी झकास धावली. आमच्या जिल्ह्यातले भाडे कसले, तर खाणीवरचा जांभा चिरा, खाडीची वाळू, काजूची बी आणि एप्रिल-मेमध्ये आंबा. आंबा करूळ घाटाने गगनबावड्याला चढवून कोल्हापूरला न्यायचा आणि येताना गूळ, साखर, भाजी असे काही परतीचे भाडे मिळाले तर बघायचे. काकांना ट्रकाची कुठलीच गोष्ट नवी नव्हती. भाड्याची मात्र प्रत्येक गोष्ट नवी होती. फौजेत माल कुठला भरायचा, कुठे न्यायचा, कुठल्या रस्त्याने, डिझेल कुठे, हे सगळे दुसरा कोणीतरी ठरवत असे. इथे दलालाशी बोलणे, आगाऊ रक्कम मागणे, हमाली कोणी द्यायची ते आधी ठरवणे, उधारी वसूल करणे, हेच निम्मे काम. काका आजही म्हणतात, "फौजेन माका गाडी चलवक शिकवल्यान. भाडा करूक कोण शिकवतलो?"

परतीच्या भाड्यासाठी कोल्हापुरात दोन-दोन दिवस थांबायची त्यांची तयारी नसे. वेळेत माघारी यायचे, ही फौजेची सवय. रिकामी गाडी घाट उतरून आणायचे. रिकाम्या गाडीचेही डिझेल जळते, टायर झिजतात, ही साधी गोष्ट पहिल्या हंगामात त्यांच्या लक्षातच आली नाही, कारण हातात रोख पैसा खेळत होता.

मग ७ जून आला.

ज्यांनी आमच्याकडचा पाऊस पाहिलेला नाही त्यांना सांगतो, आंबोलीला वर्षाकाठी सरासरी ७ हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. किनाऱ्यावर तो कमी, तरी खाणीत पाणी भरते, चिरा निघत नाही. बांधकामे बंद, वाळू बंद. आंबा संपलेला. मासेमारीही पावसात बंद असते. आता तर आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदीच आहे, म्हणजे मासळीच्या गाड्याही उभ्या. तो टाटा १२१० आमच्या मळ्याच्या कडेला ताडपत्री पांघरून उभा राहिला. बॅटरी उतरली, हौद्याच्या फळ्यांना बुरशी आली. आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला फायनान्सवाल्याचा माणूस छत्री मिटत पडवीत येऊन बसू लागला.

ट्रकाचा हप्ता बारा महिन्यांचा असतो, आणि सिंधुदुर्गातले भाडे आठ महिन्यांचे. हे गणित पेढे वाटण्याआधी करायला हवे होते. देशावर उसाच्या, कांद्याच्या, कारखान्याच्या भाड्यावर धंदा करणाऱ्याचे गणित वेगळे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या फौजी मित्राचे बरे चालले म्हणून आपलेही चालेल, असे इथे धरता येत नाही.

त्या पावसात एक गोष्ट मात्र चांगली झाली. सतरा वर्षांत पहिल्यांदा काका लावणीला चिखलात उभे होते. काकीने आतापर्यंत दर वर्षी गड्यांच्या पाया पडून लावणी उरकली होती. हप्त्याची काळजी तिलाही होती, पण तो जून-जुलै ती अजून आठवते. पुढच्या हंगामात काका पुन्हा चार-चार दिवस बाहेर राहू लागले तेव्हा ती एकदाच बोलली, "सतरा वरसा मी पत्राची वाट बघलंय. आता हॉर्नाची बघूची काय?" फौजेतून ट्रकवर येणाऱ्या माणसाने बायकोला हा प्रश्न आधीच विचारावा. आमच्या घरात तो कोणी विचारला नाही.

दुसरा पाऊस काढला आणि १९९३ मध्ये गाडी विकली. हप्ते फेडून हाती जे उरले ते सांगण्यासारखे नाही. पेन्शन मात्र कापलेलीच येत राहिली. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ण चालू होते, हा नियम आहे. म्हणजे ट्रक दोन वर्षांत गेला आणि त्याची कपात २००६ सालापर्यंत चालू राहिली. माझ्या चुलत बहिणीचे लग्न त्याच काळात झाले, ते कसे झाले ते आमच्या घरालाच ठाऊक.

लायसनची भानगड

या सगळ्याआधी एक छोटी फजिती झाली होती, ती सांगितलीच पाहिजे. घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात काका एका नातेवाइकाचा ट्रक घेऊन आंबोली घाटाने निघाले. तपासणीला गाडी अडवली. काकांनी ऐटीत फौजेचे लायसन काढले. ते बघून साहेब म्हणाला, हे सरकारी गाडीचे. काकांना तो अपमान वाटला. झोजीला चढवलेल्या माणसाला आंबोलीत अडवतात! पण साहेबाचेच बरोबर होते.

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १८ प्रमाणे फौजेतून मिळालेल्या लायसनवर फक्त केंद्र सरकारच्या ताब्यातली गाडी चालवता येते. खाजगी ट्रकवर ते चालत नाही, आणि त्या स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये सोय ठेवलेली आहे. ज्याच्याकडे ज्या प्रकारच्या गाडीचे फौजी लायसन आहे किंवा होते, त्याला त्या प्रकारच्या गाडीचे नागरी लायसन घेताना चालवण्याची परीक्षा माफ आहे. अमेरिकेतही फौजेत जड वाहन चालवलेल्यांना अशी सूट मिळते. वैद्यकीय दाखला मात्र लागतोच. यासाठी युनिटमधून निघण्यापूर्वीच लायसनचा कागद आणि कोणत्या वर्गाची गाडी किती वर्षे चालवली त्याचा दाखला हातात घ्यावा. एकदा घरी आल्यावर युनिटला पत्रे लिहीत बसणे म्हणजे काय, ते ज्यांनी लिहिली त्यांना विचारा. बाकी कोणते कागद लागतात ते आर.टी.ओ. कार्यालयात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. पेट्रोल किंवा गॅसचा टँकर चालवायचा तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. ए.एस.सी.त पेट्रोल वाहिलेल्या माणसाला ते जड जात नाही.

आंब्याची पिकअप चालवायला जड वाहनाचे लायसन लागते का, असे बरेच जण विचारतात. भारासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला आहे.

पगारी ड्रायव्हर

गाडी विकल्यावर काका एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पगारावर लागले. वयाच्या ३८व्या वर्षी, स्वतःची गाडी गमावून, दुसऱ्याच्या गाडीवर. गावात हसणारे हसले. पण माझे मत विचाराल तर काकांनी पहिल्याच दिवशी हेच करायला हवे होते. दोन हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर काढले असते तर दलाल कोण, खोटा कोण, परतीचे भाडे कुठे मिळते, कुठल्या महिन्यात गाडी उभी राहते, हे सगळे दुसऱ्याच्या हप्त्यावर शिकून झाले असते.

तिथेही फौजेची शिस्त आणि धंदा यांचे खटके उडालेच. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही काकांची शिकवण. आपल्याकडचे काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, नुसत्या ब्रेकवर. काका ते मेले तरी करणार नाहीत. महिन्याच्या शेवटी मालकाने डिझेलचा हिशेब मांडला, तर काकांची गाडी सगळ्यांपेक्षा जास्त पिणारी निघाली. मालक बोलला, काका ऐकून घेत राहिले. वर्षअखेर त्याच मालकाने ब्रेक, टायर आणि गॅरेजचा हिशेब मांडला आणि मग डिझेलबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

जादा मालाचेही तसेच. खाणीवरचा माणूस म्हणे, पन्नास चिरे अजून टाका. एक चिरा तीस किलोच्या आसपास, म्हणजे पन्नासाचा दीड टन. काका खाली उतरून हौद्याजवळ उभे राहत आणि वरचे चिरे उतरवल्याशिवाय चावी लावत नसत. त्या काळी हा हट्ट वाटे. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला आधी २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. तेव्हा तोच हट्ट आज शहाणपणा ठरला असता. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदाही होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम सांगितले होते. हे वाचून कुठल्याही हायवेच्या ढाब्यावरचा ड्रायव्हर हसेल.

काकांच्या तोंडून ऐकावी अशी एक आठवण आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे अशी मालट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सोय सुरू केली. मुंबईकडचा माल घेऊन ट्रक कोलाडला वाघिणीवर चढायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरायचा. ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसलेले. बाकीचे ड्रायव्हर पहिल्यांदा चढताना घाबरायचे. काकांनी मात्र फौजेत कितीतरी वेळा मिल्ट्री स्पेशलवर गाडी चढवलेली. चाकांना ओंडके कसे लावायचे, साखळदंड कसे आवळायचे, ते इतरांना दाखवू लागले. त्या रात्री गाडी न थांबता कुडाळ स्टेशनावरून गेली. काका केबिनच्या काचेतून बघत होते. फलाटावर दिवा होता आणि एक कुत्रा होता. "घराकडसून जातंय आणि उतरूक मेळणा नाय," ते काकीला नंतर सांगत होते. फौजेतून सुटून आठ वर्षे झाली होती तेव्हा.

त्यांनी २०१२ पर्यंत गाडी चालवली. मग रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा स्वतःहून चावी ठेवली. ट्रक ड्रायव्हरचे डोळे चाळिशीनंतर वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह आहे. फौजेत तपासणी सक्तीची असते, बाहेर आल्यावर कोणी विचारत नाही.

निवृत्तीचा पैसा कुठे जातो, यावर माणसाचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारेही लष्करात ट्रक चालवत. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, बरोबरचे जवान गेले आणि ते वाचले. १९७५ मध्ये ते गावी परतले आणि आपला पैसा त्यांनी यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीला लावला. प्रत्येकाला ते जमणार नाही, जमावे असेही नाही. पण पैसा हाती आल्या आल्या शोरूममध्ये जाण्याखेरीज दुसऱ्याही वाटा असतात. निवृत्तीआधी फौजेतच पुनर्वसनाचे अभ्यासक्रम असतात. माजी सैनिकांसाठी सरकारी भरतीत राखीव जागा असतात. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडून फौजेच्या वापरातून काढलेल्या गाड्या माजी सैनिकांना मिळण्याची सोय आहे आणि कोळसा खाणींवर माजी सैनिकांच्या कंपन्यांना वाहतुकीचे काम मिळते. आपल्या विदर्भातल्या खाणी त्यात येतात. मात्र फौजेतून काढलेली गाडी स्वस्त मिळाली तरी तिचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का, ते आधी पाहावे.

आता तर काळजी वाढली आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्या मुलांची नोकरी चार वर्षांची, आणि चौघांतला जास्तीत जास्त एकच कायम होणार. बाकीचे तिघे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणार. पेन्शन नाही, हातात सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी. काकांनी निम्मी पेन्शन विकली तरी उरलेल्या निम्मीवर घरात पेज शिजत होती. या मुलांच्या मागे तेवढीही नाही. अकरा लाख म्हणजे नव्या डंपरची पहिली भरणी. गाडी विकणारे त्यांची वाट बघत असतील यात मला शंका नाही.

मे महिन्यातल्या त्या दुपारी काकांनी मुलाला डंपर घे म्हटले नाही आणि घेऊ नको असेही म्हटले नाही. फक्त म्हणाले, "पुढची रजा मे म्हयन्यात नको. गणपतीकय नको. जुलयत ये."

फौजी मुलगा जुलैत रजा घेत नाही. पण हा आला, वीस दिवसांची रजा घेऊन. काका त्याला मोटारसायकलवर मागे बसून कसालच्या नाक्यावर घेऊन गेले. हायवेच्या कडेला ओळीने डंपर उभे होते, ताडपत्र्यांवर पाणी साचलेले. काकांच्या ओळखीचा एक मालक टपरीत चहा पीत बसला होता. त्याने वहीतला गेल्या दोन पावसांचा हिशेब मुलासमोर ठेवला. मुलाने तो सगळा मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि येताना वाटेत काही बोलला नाही. उरलेले दिवस घरच्या लावणीत गेले.

युनिटला परत गेल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला. डंपरचे नाव काढले नाही. नागरी लायसनसाठी युनिटमधून कोणता दाखला घ्यायचा, तेवढे विचारत होता.